हाय टेन्शनजवळचं घर: भीती नेमकी कशाची धरायची?

शहराच्या कडेला परवडणारं घर शोधायला निघालेल्या माणसाला एक प्रकल्प हमखास भेटतो. रस्ता बरा, पाणी आहे, शाळा जवळ, आणि भाव आजूबाजूपेक्षा बराच कमी. कमी का, ते माहितीपत्रकात सापडत नाही, बाल्कनीत उभं राहिल्यावर सापडतं. समोर लोखंडी मनोरा आणि त्यावरून लोंबत गेलेल्या तारा. मग घरात खल सुरू होतो. बिल्डरचा माणूस म्हणतो, "काही होत नाही हो, एवढे लोक राहतातच की." मावशी म्हणतात, "त्यातून रेडिएशन येतं, मुलांना कॅन्सर होतो." एजंट हळूच पुडी सोडतो, "लाइन अंडरग्राउंड होणार आहे, काम मंजूर झालंय." तिघांपैकी कुणाचंच म्हणणं जसंच्या तसं घेण्यासारखं नाही. एजंटचं तर मुळीच नाही.

मावशींचं म्हणणं मात्र हसण्यावारी न्यावं असं नाही. त्यामागे चार दशकांहून जास्त काळ चाललेलं संशोधन आहे. त्यातून काय हाती लागलं आणि काय लागलं नाही, ते नीट पाहिलं तर घर घ्यायचं की नाही हे ठरवणं सोपं जातं. शिवाय त्याच तारांमध्ये एक दुसरा, अगदी खात्रीचा धोका आहे, ज्याबद्दल फ्लॅट बघायला आलेलं कुणी विचारतही नाही.

आधी समोरची लाइन कोणती ते बघा

आपण सगळ्यालाच "हाय टेन्शन" म्हणतो. गल्लीतल्या खांबांवरून ११ किंवा २२ केव्हीची (म्हणजे ११ किंवा २२ हजार व्होल्टची) लाइन जाते, ती बहुतेक ठिकाणी महावितरणची. ती डीपीपर्यंत येते आणि तिथून घरगुती दाबाची वीज आपल्याकडे. मोठ्या लोखंडी मनोऱ्यांवरच्या १३२, २२० किंवा ४०० केव्हीच्या लाइन मुख्यतः महापारेषणच्या. त्या वीजकेंद्रातून उपकेंद्रापर्यंत वीज वाहून नेतात. महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. खोपोलीला पाण्यावर तयार झालेली वीज १९१५ पासून तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना जात होती.

लाइन ओळखायची एक सोपी खूण आहे. तार मनोऱ्याला जिथे टांगलेली असते तिथे चिनीमातीच्या किंवा काचेच्या चकत्यांची माळ दिसते. त्या चकत्या मोजा. नऊ-दहा असतील तर बहुधा १३२ केव्ही, तेरा ते पंधरा असतील तर २२०, आणि तेवीसच्या आसपास असतील तर ४००. आता बऱ्याच ठिकाणी चकत्यांऐवजी पॉलिमरची सलग दांडी लावतात, तिथे ही मोजणी चालत नाही. मग मनोऱ्यावरची कवटीची धोक्याची पाटी वाचा, तिच्यावर व्होल्टेज लिहिलेलं असतं. सगळ्यांत वर जी बारीक तार दिसते ती आकाशातली वीज झेलून जमिनीत उतरवण्यासाठी असते, तिच्यातून पुरवठा होत नाही.

तारांमधून बाहेर काय येतं

दोन गोष्टी: विद्युत क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र. या दोहोंची गल्लत झाली की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

विद्युत क्षेत्र व्होल्टेजवर अवलंबून. तार जितक्या जास्त दाबाची तितकं ते मोठं. ४०० केव्हीच्या लाइनखाली अंधारात ट्यूबलाइट हातात धरली तर ती जोडणीशिवाय मंद उजळते, ती यामुळेच. (करून बघायला जाऊ नका. लांब नळी घेऊन तारांखाली हिंडणं हा शहाणपणा नव्हे.) पावसाळी हवेत तारांमधून येणारा चरचर आवाजही याच क्षेत्राचा. तारेला लागून असलेली दमट हवा विद्युतभारित होते आणि तडतडते. आवाज ऐकून लोक घाबरतात. त्याने झोपमोड होते ही तक्रार खरी आहे, पण तो शरीरात काही शिरत असल्याचा पुरावा नव्हे. विद्युत क्षेत्राला भिंत, झाड, छप्पर सहज अडवतात. घरात ते फारसं उरतच नाही.

चुंबकीय क्षेत्र भिंतीतून आरपार जातं. म्हणून आरोग्याच्या सगळ्या वादाच्या केंद्रस्थानी तेच आहे. ते व्होल्टेजवर नाही, तारेतून वाहणाऱ्या प्रवाहावर, म्हणजे अँपिअरवर ठरतं. संध्याकाळी एसी आणि दिवे लागले की वाढतं, मध्यरात्री उतरतं. त्यामुळे एक गंमत होते: कमी भाराची ४०० केव्हीची लाइन दीडशे फुटांवर असेल आणि भरगच्च भाराची ११ केव्हीची लाइन खिडकीला चिकटून असेल, तर चुंबकीय क्षेत्र दुसऱ्या घरात जास्त असू शकतं. लोक मात्र मनोऱ्याकडे बघून घर नाकारतात आणि खिडकीजवळच्या खांबाकडे त्यांचं लक्षही जात नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या बाजूने काम करते. लाइनमध्ये तीन फेज असतात, आणि तिन्हींचे प्रवाह एकमेकांच्या मागेपुढे चालतात. थोडं दूर गेलं की त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना बरीचशी खोडतात. म्हणून क्षेत्र झपाट्याने उतरतं: अंतर दुप्पट झालं की साधारण पाव राहतं.

आता आकडे. हे क्षेत्र मायक्रोटेस्लामध्ये मोजतात. तारांपासून दूर असलेल्या साध्या घरात ते ०.१ किंवा त्याहून कमी असतं. ४०० केव्हीच्या लाइनच्या अगदी खाली, जमिनीवर, पूर्ण भार असेल तर २० पर्यंत जाऊ शकतं. तिथून ५० ते १०० मीटर दूर गेलं की ते बहुधा इतर कुठल्याही घराइतकं होतं. १३२ आणि २२० केव्हीच्या लाइनना त्याहून कमी अंतर पुरतं. हेअर ड्रायर डोक्याशी धरला की त्याच्या तोंडापाशी शेकडो मायक्रोटेस्लाही मिळतात, फक्त ते पाच-दहा मिनिटांपुरते. आंतरराष्ट्रीय समितीने २०१० मध्ये सर्वसामान्य लोकांसाठी ५० हर्ट्‌झला (म्हणजे सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणाऱ्या आपल्या विजेला) सुचवलेली मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे. मात्र ती मर्यादा शरीरात विद्युतप्रवाह निर्माण होऊन मज्जातंतूंना लगेच जाणवणाऱ्या परिणामांसाठी ठरवलेली आहे. वर्षानुवर्षं राहिल्यावर काय होईल, या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यात नाही. "मर्यादेच्या शंभर पट कमी आहे, विषय संपला" असं म्हणणारे तज्ज्ञ हे सांगायचं विसरतात.

इथे मोबाइलवरच्या ॲपबद्दल बोललंच पाहिजे. "ईएमएफ डिटेक्टर" नावाची फुकट ॲप मिळतात. लोक ती घेऊन फ्लॅटमध्ये फिरतात आणि स्क्रीनवर ४० मायक्रोटेस्ला दिसलं की त्यांना घाम फुटतो. तो आकडा पृथ्वीच्या स्वतःच्या चुंबकीय क्षेत्राचा असतो. फोनमध्ये होकायंत्रासाठी बसवलेला सेन्सर असतो, त्याला हे स्थिर क्षेत्र दिसतं. तारांमधलं क्षेत्र सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतं, त्याची ०.२ आणि ०.४ मधली तफावत या ॲपला कळत नाही. स्लॅबमधल्या सळ्या, लोखंडी कपाट, फोनच्या कव्हरमधलं चुंबक, या सगळ्यांनी आकडा हलतो आणि लोक तो हाय टेन्शनच्या नावावर लावतात. खरं मोजायचं तर ५० हर्ट्‌झसाठीचं गॉसमीटर, म्हणजे असं चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र, लागतं.

यात "किरण" कितपत आहेत

एक्स-रे किंवा किरणोत्सर्गी पदार्थाचे किरण पेशीतल्या डीएनएला थेट तोडू शकतात, कारण त्यांच्या प्रत्येक कणात तेवढी ऊर्जा असते. ५० हर्ट्‌झच्या क्षेत्रात ती ऊर्जा इतकी नगण्य असते की आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा तिच्या सुमारे दहा लाख कोटी पट भरते. तेव्हा तारा "किरण सोडून" डीएनए तोडतात ही कल्पना टिकत नाही. मोबाइल टॉवरशीही याचा संबंध नाही. तिथल्या लहरी सेकंदाला कोट्यवधी वेळा कंप पावतात, तो वेगळा विषय आहे. दोन्हीला "टॉवर" म्हटल्यामुळे व्हॉट्सॲपवर त्यांची खिचडी होते.

पण एवढ्यावर थांबणं बरोबर नाही. डीएनए तुटत नाही म्हणजे दुसऱ्या कुठल्याच वाटेने काही होत नाही, असं सिद्ध होत नाही. म्हणून वैज्ञानिक माणसांकडे गेले आणि त्यांनी आजारांची मोजदाद केली.

डेन्व्हरच्या गल्ल्यांमध्ये

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरात नॅन्सी वर्थायमर नावाच्या संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात एक साधं काम केलं. १९५० ते १९७३ या काळात कॅन्सरने दगावलेल्या मुलांच्या घरांचे पत्ते मिळवले आणि त्या गल्ल्या फिरून बघितल्या. काही संसर्ग असेल का, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. फिरताना वेगळंच नजरेत भरलं: त्यातल्या बऱ्याच घरांजवळच्या खांबांवर ट्रान्सफॉर्मर होते, किंवा जाड तारा होत्या. एड लीपर या भौतिकशास्त्राच्या जाणकाराला सोबत घेऊन त्यांनी घराजवळच्या तारांची जाडी आणि अंतर यांवरून घरांची वर्गवारी केली. घरात शिरून मीटरने काही मोजलं नाही, तारा बघून अंदाज बांधला. १९७९ मध्ये निबंध छापून आला: जाड तारांजवळच्या घरांत मुलांच्या ल्युकेमियाचं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसतं.

त्या काळी अनेकांनी तो उडवून लावला. तारांवरून अंदाज बांधला, घरं बघणाऱ्याला कुठलं घर आजारी मुलाचं आहे ते ठाऊक होतं, असे आक्षेप होते आणि ते रास्तच होते. मग डेन्व्हरमध्येच पुन्हा अभ्यास झाला, १९८८ मध्ये तो छापला गेला. तिथे चमत्कारिक निकाल आला. तारांच्या वर्गवारीवरून पाहिलं तर थोडा संबंध दिसत होता, पण प्रत्यक्ष मोजलेल्या चुंबकीय क्षेत्रावरून पाहिलं तर तो आणखी पुसट होत होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा मोठा अभ्यास १९९७ मध्ये आला, त्यात ठोस संबंध सापडला नाही. स्वीडनमध्ये मात्र १९९३ मध्ये सापडला होता. एकेका अभ्यासात इतकी थोडी मुलं तारांजवळ राहणारी असतात की चार-दोन मुलं इकडची तिकडे झाली तरी निकाल फिरतो.

म्हणून २००० मध्ये एका गटाने नऊ अभ्यासांतली मूळ माहिती एकत्र केली. ल्युकेमिया झालेली ३,२४७ मुलं आणि तुलनेसाठी १०,४०० निरोगी मुलं. ज्या घरांत सरासरी चुंबकीय क्षेत्र ०.४ मायक्रोटेस्लाच्या खाली होतं तिथे काहीच वाढ दिसली नाही, आणि ९९ टक्क्यांहून जास्त मुलं याच घरांतली होती. ०.४ च्या वर मात्र ल्युकेमियाचं प्रमाण दुप्पट दिसलं. त्या वरच्या गटात मुलं किती होती? आजारी ४४ आणि निरोगी ६२. सगळ्या जगाच्या भीतीचा आधार एवढ्याशा मुलांवर उभा आहे.

"दुप्पट" हा शब्द कानाला भयंकर वाटतो, म्हणून त्याची फोड करू. युरोप-अमेरिकेत वर्षाला लाखभर मुलांमागे साधारण चार-पाच मुलांना ल्युकेमिया होतो. दुप्पट म्हणजे आठ-दहा. तोही केवळ ०.४ च्या वरच्या घरांत, आणि तोही चुंबकीय क्षेत्र हेच खरं कारण असेल तर. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये हाच हिशेब मांडला. सन २००० मध्ये जगभरात मुलांच्या ल्युकेमियाचे अंदाजे ४९,००० नवे रुग्ण धरले, आणि कारण खरं असेल तर त्यातले १०० ते २,४०० या क्षेत्रांमुळे असू शकतील असं म्हटलं. वरचा आणि खालचा आकडा यांत चोवीस पटींचं अंतर आहे. पुरावा किती डळमळीत आहे ते त्या अंतरावरूनच कळतं.

प्राण्यांवरच्या प्रयोगांनीही या संशयाला बळ दिलं नाही. अमेरिकेत उंदीर दोन वर्षं, म्हणजे जवळजवळ आयुष्यभर, १,००० मायक्रोटेस्लापर्यंतच्या क्षेत्रात ठेवले. त्यांच्यात ल्युकेमिया वाढला नाही.

"२ बी" म्हणजे काय

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००१ मध्ये या चुंबकीय क्षेत्रांना "२ बी" गटात टाकलं: कर्करोगकारक असण्याची शक्यता आहे. बातम्यांमध्ये एवढंच वाक्य आलं आणि लोकांनी पुढचं वाचलं नाही. हे गट धोका किती मोठा ते सांगत नाहीत, पुरावा किती पक्का ते सांगतात. पोलिसांच्या भाषेत बोलायचं तर पहिला गट गुन्हा शाबीत झालेल्यांचा, आणि "२ बी" हा चौकशीला बोलावून सोडून दिलेल्यांचा, पण नाव वहीत राहिलेल्यांचा. त्या वहीत कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे आणि पेट्रोल इंजिनाचा धूरही.

शाबीत झालेल्यांच्या यादीत मात्र तंबाखू आहे, डिझेलचा धूर आहे, शहरातली प्रदूषित हवा आहे, आणि नुसती सुपारीही आहे. जेवणानंतर सुपारीचं खांड तोंडात टाकून हाय टेन्शनच्या कॅन्सरवर चर्चा करणारे आपल्याकडे काही कमी नाहीत.

इंग्लंडमधून आलेला धक्का आणि त्याचा उलगडा

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका भाग हा आहे, आणि तोच सर्वांत कमी सांगितला जातो.

२००५ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधला एक मोठा अभ्यास आला. जन्माच्या वेळी उच्चदाब लाइनपासून २०० मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांत ल्युकेमियाचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी जास्त निघालं. वर्तमानपत्रांनी एवढं उचललं. पण त्याच अभ्यासात २०० ते ६०० मीटरवरही थोडी वाढ दिसत होती, सुमारे २० टक्के. ही गोष्ट विचित्र होती. सहाशे मीटरवर, अर्ध्या किलोमीटरहून लांब, त्या लाइनचं चुंबकीय क्षेत्र घरातल्या फ्रिजच्या क्षेत्रात हरवून जातं. जे तिथे पोचतच नाही त्याने आजार कसा होईल?

२०१४ मध्ये त्याच संशोधकांच्या गटाने २००८ पर्यंतची माहिती जोडून पुन्हा पाहिलं. या वेळी दशकांनुसार वेगळं केलं. वाढ होती ती जुन्या काळातली, १९६० आणि ७०च्या दशकांतली. पुढच्या दशकांत ती कमी होत गेली आणि शेवटी उरलीच नाही. तारा मात्र तिथेच होत्या. चुंबकीय क्षेत्र हे कारण असतं तर तारा तशाच असताना आजार का ओसरला? संशोधकांचा कल असा की तारांजवळ राहणारे लोक कोण होते, हे काळाप्रमाणे बदललं असावं. तारांजवळची घरं स्वस्त, तिथली वस्ती वेगळी, तिथलं येणंजाणं वेगळं, आणि आजाराचं खरं कारण त्या वेगळेपणात कुठेतरी असेल.

म्हणून मी कुठे उभा आहे ते सांगतो. तारांमुळे मुलांना ल्युकेमिया होतो असं दाखवणारा पक्का पुरावा नाही, जुना संशय कमजोर होत गेला आहे, पण वहीतून नाव अजून खोडलेलं नाही. मोठ्या माणसांच्या कॅन्सरबद्दल, गर्भपाताबद्दल, हृदयविकाराबद्दल तर एवढासुद्धा आधार नाही. डोकेदुखी, झोप न लागणं, थकवा हे त्रास खरे असतात. पण क्षेत्र चालू आहे की बंद हे न सांगता घेतलेल्या चाचण्यांत, स्वतःला "संवेदनशील" म्हणवणाऱ्यांनाही ते ओळखता आलं नाही. रात्रभर तडतडणारा आवाज आणि "आपण इथे फसलो" ही टोचणी झोप उडवायला पुरेशी असते. छातीत पेसमेकर असेल तर मात्र घर घेण्याआधी हृदयरोगतज्ज्ञाला विचारून घ्यावं, ते फुकाची शंका म्हणणार नाहीत. आणि भिंतीला चिकटवायचे "रेडिएशनरोधक" स्टिकर, तांब्याचे पिरॅमिड, चिप वगैरे विकणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. भिंतीतून आरपार जाणारं क्षेत्र स्टिकरने थांबत नाही.

ज्यांना तरीही खबरदारी हवी त्यांच्यासाठी एक व्यवहारी गोष्ट. सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर इमारतीच्या आत, तळमजल्यावरच्या खोलीत असेल, तर त्याच्या नेमक्या वरच्या फ्लॅटमध्ये चुंबकीय क्षेत्र ०.४ च्या वर सहज जातं. तीस-चाळीस मीटरवरची २२० केव्हीची लाइन पुष्कळदा त्याच्यापुढे फिकी पडते. जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रल चुकीच्या जागी जोडलेला असेल तरी असंच होतं, कारण जाणारा आणि परतणारा प्रवाह एकमेकांजवळून गेले नाहीत तर क्षेत्र खोडलं जात नाही. चांगला वायरमन हा दोष शोधून काढतो, आणि तो काढल्याने आगीचा धोकाही घटतो. पलंगाची जागा बदलणं, ट्रान्सफॉर्मरच्या खोलीवरचा फ्लॅट टाळणं, हे फुकटात होतं. त्यासाठी घर विकायची गरज नाही.

आता तो दुसरा धोका

भारतात विजेचा धक्का बसून दरवर्षी १० हजारांहून जास्त माणसं मरतात. यात सगळे अपघात हाय टेन्शनचे नाहीत, पण तारांलगतच्या वस्त्यांत काय होतं ते महाराष्ट्राने जवळून पाहिलं आहे. २०१७ मध्ये नागपुरात घराला लागून गेलेल्या उच्चदाब तारांमुळे लहान मुलांचे जीव गेले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून दखल घेतली आणि तारांलगतची बांधकामं तपासायला लावली.

तिथली गोष्ट अशी असते. आधी लाइन असते, मग प्लॉट पडतात. तळमजला आणि वर एक मजला मंजूर होतो, तोवर अंतर ठीक असतं. दहा वर्षांनी मुलाच्या लग्नासाठी वर आणखी दोन खोल्या चढतात, मग गॅलरी दोन फूट पुढे काढतात, मग तिच्यावर पत्रा. प्रत्येक वेळी तार थोडी जवळ येते. आणि २२० केव्हीच्या तारेला हात लावावाच लागतो असं नाही. पुरेसं जवळ काही गेलं की मधल्या हवेतूनच ठिणगी उडी मारते.

म्हणून नियमांत अंतरं ठरलेली आहेत. ११ केव्हीची तार इमारतीपासून आडवी किमान १.२ मीटर आणि छतापासून उभी ३.७ मीटर दूर हवी. १३२ केव्हीला हीच अंतरं २.९ आणि ४.६ मीटर, आणि २२० केव्हीला ३.८ आणि ५.५ मीटर. यात मेख अशी की ही मोजणी आज, आत्ता, सकाळच्या गारव्यात दिसणाऱ्या तारेपासून करायची नसते. मे महिन्याच्या दुपारी पूर्ण भार असताना तार तापून सर्वांत जास्त लोंबते, त्या वेळी उभं अंतर एवढं उरलं पाहिजे. वादळी वाऱ्यात ती झोका खाऊन सर्वांत जवळ येते, त्या वेळी आडवं अंतर एवढं उरलं पाहिजे. डिसेंबरात गच्चीवर उभं राहून "बराच गॅप आहे" म्हणणाऱ्या बिल्डरला हे विचारा. शिवाय मोकळ्या भागात लाइनखाली एक पट्टा राखलेला असतो: १३२ केव्हीला साधारण २७ मीटर रुंद, २२० ला ३५ आणि ४०० ला ४६ मीटर. प्लॉट त्या पट्ट्यात येतो का, ते विकणाऱ्याच्या तोंडी बोलण्यावर न सोडता बांधकाम परवानगीच्या नकाशात बघावं आणि लाइन ज्या कंपनीची आहे तिचं ना हरकत पत्र मागावं. एजंटची "अंडरग्राउंड" ची पुडीही तिथेच तपासून होते. २२० केव्हीची लाइन भुईत घालणं अतिशय खर्चाचं काम आहे, ते मंजूर असेल तर कागद असतोच.

घरात राहायला गेल्यावरची पथ्यंही याच जातीची. गच्चीवर सळई, ॲल्युमिनियमची शिडी, कपडे वाळत घालायचा लांब लोखंडी पाइप उभा करताना आधी वर बघायचं. स्लॅबच्या कामाला आलेल्या मजुरांना तार कुठे आहे ते मालकाने स्वतः दाखवायचं, कारण आडवी सळई उभी करताना होणारे अपघात सगळ्यांत जास्त त्यांच्याच वाट्याला येतात. संक्रांतीत तारेत अडकलेला पतंग तिथेच राहू द्यायचा.

शेतकऱ्यांचा प्रश्न थोडा वेगळा. शेतावरून ४०० केव्हीची लाइन गेली असेल तर खाली उभ्या ट्रॅक्टरला, तारेच्या कुंपणाला किंवा पत्र्याच्या गोठ्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. विद्युत क्षेत्रामुळे त्या धातूवर भार साठतो आणि हातातून जमिनीत उतरतो. बहुतेक वेळा तो जीवघेणा नसतो, पण दचकून माणूस पडतो, जनावर बिथरतं. कुंपण आणि शेड नीट अर्थिंग केलं की त्रास थांबतो. रोज तारांखाली भांगलणी करणाऱ्या बाईला यापेक्षा निराळी कॅन्सरची भीती घालायचं कारण नाही. पण तिथे ऊस उंच वाढू देणं, पाचट पेटवणं किंवा पाइपचा लांब तुकडा उभा करणं हे खरोखर जिवावरचं आहे. पाचटाच्या धुरामुळे आणि ज्वाळांमुळे हवेचा विरोध कमी होतो आणि तारेची वीज थेट खाली येऊ शकते.

तार तुटून खाली पडलेली दिसली तर दहा मीटरच्या आत जायचं नाही. ठिणग्या थांबल्या म्हणून वीज गेली असं समजायचं नाही. कित्येक लाइनवर बिघाड झाल्यावर पुरवठा क्षणात आपोआप पुन्हा सुरू करून पाहणारी यंत्रणा असते. तुम्ही आधीच जवळ असाल तर मोठी पावलं टाकून पळू नका. दोन पायांमधल्या जमिनीतच व्होल्टेजचा फरक असतो आणि प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. दोन्ही पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, लहान लहान सरकत मागे व्हायचं. गाडीवर तार पडली असेल आणि आग लागलेली नसेल तर आतच बसून राहायचं. कुणी चिकटलं असेल तर त्याला हाताने ओढायचं नाही, काठीनेही नाही, कारण इतक्या दाबाला ओली काठी काय आणि कोरडी काय, दोन्ही सारखीच. आधी १९१२ ला फोन लावून पुरवठा बंद करायला सांगायचं, आणि खांबावरचा किंवा मनोऱ्यावरचा नंबर वाचून तोही सांगायचा, म्हणजे नेमकी कोणती लाइन बंद करायची ते त्यांना लगेच कळतं.